दुधाळ रक्ताची साक्ष

आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त गेली कित्येक वर्षे भोपाळला राहतात. गृहस्थ चाळिशीतले, पापभीरू, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसलेले. चवथीला ते गावी आले, पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन करून परत गेले. जाताना आईने नेवऱ्यांचा भरगच्च डबा बरोबर दिला होता. भोपाळला पोचल्यानंतर तीन-चार दिवसांनी मध्यरात्री त्यांच्या पोटात, बेंबीच्या वरच्या अंगाला, असा शूळ उठला की तो थेट पाठीतून आरपार जावा. उलट्या थांबेनात. उताणे निजवेना, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकले की तेवढाच काय तो आराम. शेजाऱ्यांनी तशाच अवस्थेत एका रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरने रोग तात्काळ ओळखला. स्वादुपिंडाचा तीव्र दाह, ज्याला डॉक्टरमंडळी पॅन्क्रियाटायटिस म्हणतात, तो झाला होता. निदान अचूक होते. पुढचा प्रश्न मात्र असा आला : "कहाँ के रहनेवाले हो?" उत्तर मिळाले, "गोवा." डॉक्टर किंचित हसले आणि म्हणाले, "तो फिर कितनी पीते हो?"

रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नव्हता. त्यांच्या पत्नीने एकदा सांगितले, दोनदा सांगितले, की यांनी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही. ऐकून घेतले गेले. मानले मात्र गेले नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आढळले नाहीत, तेव्हा तर संशय अधिकच बळावला आणि कागदावर मद्यप्राशनाचा शेरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतील एक साधा तंत्रज्ञ हातात काचनळी घेऊन वरिष्ठ डॉक्टरांकडे आला. आदल्या रात्री घेतलेल्या रक्तातील लाल पेशी खाली बसल्या होत्या आणि वर जे पिवळसर, पारदर्शक पाणी दिसायला हवे, त्याच्या जागी शुभ्र दूध असावे तसा द्रव होता. त्याच नमुन्यातील ट्रायग्लिसराइड्स मोजले गेले. दर डेसिलिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आत असावयाचा आकडा दोन हजारांच्या वर गेला होता. रक्तातील साखरही बेसुमार होती. आपल्याला मधुमेह आहे याची त्या गृहस्थांना तोपर्यंत वार्ताही नव्हती.

हा प्रसंग सांगण्यात त्या तरुण डॉक्टरला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. अनुभवाने शिकवलेल्या वाटेनेच तो चालला होता. परंतु त्या दुधाळ रक्ताने जी साक्ष दिली, ती एका माणसाच्या अब्रूची साक्ष होती, आणि ती केवळ एका तंत्रज्ञाच्या दक्षतेमुळे नोंदली गेली. अशी साक्ष दैवावर सोपवून ठेवावी काय, हा आमचा प्रश्न आहे.

स्वादुपिंड हा अवयव आपल्याकडे अगदीच उपेक्षित. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांची नावे मुलांनाही ठाऊक असतात. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे टेकून बसलेले हे वीतभर लांबीचे पिंड मात्र बिघडेपर्यंत कोणाच्या ध्यानीमनी नसते. त्याची कामे दोन. रक्तात इन्सुलिन सोडून साखरेला लगाम घालणे हे एक, आणि दररोज सुमारे दीड लिटर पाचकरस आतड्यात पाठवणे हे दुसरे. या रसात मांस, पिष्ट आणि चरबी फोडणारी जहाल द्रव्ये असतात. ती आतड्यात पोचेपर्यंत सुप्त राहावीत अशी निसर्गाची योजना आहे. ती योजना कोसळली आणि ही द्रव्ये पिंडातच जागी झाली, की जे अन्न पचवावयाचे ते राहिले बाजूला, पिंड स्वतःलाच पचवू लागते. हाच तो तीव्र दाह. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात सावरतात. परंतु साधारणतः पाचांतील एकाचा आजार गंभीर वळण घेतो. मग फुप्फुसे, मूत्रपिंडे एकामागून एक हात टेकतात, आणि अशा गंभीर रुग्णांतील अनेक जण दगावतात.

या दाहाची दोन कारणे सर्वश्रुत आहेत : पित्ताशयातील खडा निसटून नलिकेच्या तोंडाशी अडकणे, आणि मद्यपान. बहुसंख्य रुग्ण या दोन खात्यांत मोडतात हे खरेच आहे. परंतु तिसरे खातेही आहे, ते म्हणजे रक्तातील चरबीचे. स्वादुपिंडाचा दाह आणि दुधाळ रक्त यांची सांगड श्पेक नावाच्या वैद्याने 1865 सालीच नोंदवली होती. म्हणजे ही गोष्ट नवी नव्हे. दीडशे वर्षांहून जुनी आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या पाहण्यांतून शंभर रुग्णांत एकापासून दहापर्यंत रुग्ण या कारणाचे आढळतात, आणि गर्भवती स्त्रियांत तर हे प्रमाण बरेच अधिक असते. स्थूलता आणि मधुमेह वाढत आहेत तसतसे हे तिसरे खातेही फुगत चालले आहे.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. रक्तातील चरबी म्हटली की आपल्या सुशिक्षित वाचकांच्या तोंडी एकच शब्द येतो, कोलेस्टेरॉल. या रोगापुरता कोलेस्टेरॉल निरपराध आहे. तो हृदयाच्या रोहिण्यांचा शत्रू. स्वादुपिंडाचा वैरी त्याचा भाऊबंद ट्रायग्लिसराइड्स. आपण खाल्लेले तेल-तूप, आणि गरजेहून जास्त झालेली साखर, भात, मैदा व मद्य यांचे यकृतात झालेले रूपांतर, हे सारे याच चरबीच्या रूपाने रक्तातून फिरते. तिचे प्रमाण पाचशेच्या वर गेले की धोक्याची घंटा वाजली असे समजावे. हजाराच्या वर गेले की दाहाचा धोका सुमारे शेकडा पाच, आणि दोन हजारांच्या वर गेले की तो शेकडा दहा ते वीस, असे मानले जाते. या चरबीने लडबडलेले दाट रक्त पिंडाच्या सूक्ष्म वाहिन्यांत रेंगाळते. पिंडातील पाचकद्रव्य तिच्यावर तुटून पडते आणि तिच्यापासून स्निग्धाम्ले मोकळी करते. ती प्रमाणाबाहेर साचली की पेशींना आणि वाहिन्यांच्या अस्तराला जाळत सुटतात. जळलेल्या पेशींतून आणखी पाचकद्रव्य बाहेर पडते, ते आणखी स्निग्धाम्ले मोकळी करते, आणि दुष्टचक्र सुरू होते.

मग ही तपासणी राहून जाते कशी? तिचा खर्च काही फार नाही. साखरेची तपासणी जेथे होते तेथे बहुधा तीही होऊ शकते. अडचण आहे ती वेळेची. या रुग्णाला दाखल करताच अन्नपाणी बंद करून शिरेवाटे द्रव चढवला जातो. उपचार म्हणून ते योग्यच; परंतु उपाशी शरीरात ही चरबी झपाट्याने उतरते. दोन-तीन दिवसांनी कोणाला आठवण होऊन तपासणी केली, तर आकडा इतका खाली आलेला असतो की गुन्हेगार घटनास्थळावरून पसार झाला म्हणावे. शिवाय चरबीने गढूळलेले रक्त यंत्रांनाही चकवते. दाहाची खूण म्हणून जे अमायलेज मोजतात ते अशा रक्तात खोटेच सामान्य दिसू शकते, आणि सोडियमचा आकडा उगाच खाली गेलेला भासतो. म्हणून नियम एकच : पहिल्या रात्रीच्या पहिल्या नमुन्यातच ट्रायग्लिसराइड्स मोजावे.

दुसरी बाजूही प्रांजळपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आमचा हा लेख मद्यपींच्या बचावाचे वकीलपत्र ठरावयाचा! दाह झालेल्या अनेक रुग्णांत ही चरबी दोनशे-तीनशेपर्यंत चढलेली दिसते. ती दाहाचे कारण नसून परिणामही असू शकते. आणि मद्य स्वतःच ही चरबी वाढवते. तेव्हा दुधाळ रक्त दिसले म्हणजे पेला निर्दोष सुटला असे नव्हे; पुष्कळदा दोघे संगनमताने वागतात. आमचे म्हणणे इतकेच की कारण हे शोधून ठरवावयाचे असते, रुग्णाचे गाव आणि आडनाव ऐकून नव्हे.

कारण न शोधता केलेल्या उपचाराची किंमत काय असते, हे भोपाळहून अधिक दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असणार? 1984 च्या डिसेंबरमधील 2 आणि 3 तारखांच्या मधल्या त्या काळरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हमिदिया रुग्णालयाच्या आवारात हजारो माणसे डोळे चोळीत, धापा टाकीत येऊन कोसळू लागली. तेथील डॉक्टर आणि विद्यार्थी जिवाचे रान करून राबले. परंतु हा वायू शरीरात नेमके काय करतो आणि त्यावर उतारा कोणता, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. जळणाऱ्या डोळ्यांत थेंब घालावेत, गुदमरणाऱ्याला प्राणवायू द्यावा, यापलीकडे ते काय करणार? त्या रात्रीची आणि आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांवर आलेल्या रात्रीची तुलना करण्याचा अतिप्रसंग आम्ही करणार नाही. परंतु लक्षणावर औषध आणि कारणाबाबत अंधार, ही अवस्था वैद्यकाला किती असहाय करते हे त्या शहराने पाहिले आहे. 1984 साली माहिती दडलेली होती. आज ती काचनळीत डोळ्यांसमोर उभी असते, पाहणारा हवा.

भोपाळविषयी आम्हांला आपुलकी वाटते, आणि तिला कारण आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि नागपूरची राजधानी भोपाळला गेली, तेव्हा कितीतरी मराठी कारकून, अधिकारी आणि शिक्षक बिऱ्हाडे उचलून तेथे गेले. त्यांची पुढची पिढी तेथेच रुजली. बैतूल जिल्ह्यातील मराठी बोलणारे रुग्णही मोठ्या उपचारासाठी नागपूरची नाहीतर भोपाळची वाट धरतात. 1955 साली सुरू झालेले गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि 2012 पासून विद्यार्थी घडवणारी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अशा दोन मोठ्या शिक्षणसंस्था त्या शहरात आहेत. तेथे शिकणारा विद्यार्थी उद्या विदिशा, रायसेन, सीहोरच्या रुग्णालयांत बसणार आहे. पहिल्या रात्री काय विचारावे आणि काय तपासावे ही सवय त्याला तेथेच लागली, तर ती हजारो घरांपर्यंत पोचेल. हीच गोष्ट आमच्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयालाही लागू आहे.

कारणाविषयी घाईने बांधलेले तर्क कसे फसतात याचे एक उदाहरण आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचे आहे. केरळात तरुण, गरीब, मद्याला न शिवलेल्या माणसांत स्वादुपिंडाचा जुनाट दाह मोठ्या प्रमाणावर आढळला. डॉ. गीवर्गीस यांनी अशा शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. गरिबाच्या ताटात टॅपिओकाचे कंद असतात, म्हणून कित्येक वर्षे त्या कंदाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. पुढे संशोधनाने तो आरोप टिकला नाही, आणि अशा पुष्कळ रुग्णांत आनुवंशिक दोष सापडले. गरिबाचा कंद असो की गोवेकराचा पेला, समोर दिसते तेच कारण मानण्याचा मोह वैद्यकालाही सुटत नाही.

कारण कळल्याने उपचारात फरक पडतो काय? पडतो, आणि चांगलाच पडतो. वेदनाशमन, शिरेवाटे द्रव, विश्रांती हे सर्वांना सारखेच. परंतु चरबी हे कारण ठरले की, विशेषतः साखर वाढलेली असेल तर, इन्सुलिन सतत ठिबकवून चरबी पाचशेच्या खाली आणण्याचा प्रयत्न होतो. काही ठिकाणी रक्तद्रव बाहेर काढून, गाळून, परत देण्याचा महागडा उपायही योजतात; मात्र तो इन्सुलिनपेक्षा निश्चित सरस आहे असे अजून सिद्ध झालेले नाही. खरा फरक पडतो तो घरी परतल्यावर. मद्याचा शेरा मारून घरी पाठवलेल्या माणसाला सांगितले जाते, "दारू सोडा." जी कधी घेतलीच नाही ती सोडावी कशी? तो बिचारा पुन्हा नेवऱ्या खातो, मधुमेहाकडे पुन्हा दुर्लक्ष होते, आणि दुसरा झटका येतो. उलट कारण ठाऊक असेल तर तेल-तूप-साखर आवरणे, मधुमेह ताब्यात ठेवणे, वजन उतरवणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने फेनोफायब्रेटसारखे औषध घेणे, एवढ्याने हा झटका पुष्कळदा टाळता येतो. मंद चालणारी थायरॉइड ग्रंथी, इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या किंवा अन्य काही औषधे यांमुळेही ही चरबी वाढते, तीही पाहावी लागतात. आणि हा दोष घराण्यात असू शकतो. म्हणून एका भावाच्या रक्तात तो सापडला तर बाकीच्या भावंडांनीही आपले रक्त तपासून घ्यावे.

आता थोडे आपल्या अंगणात डोकावू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा 11.4 आढळले. सर्व राज्यांत पहिला क्रमांक कोणाचा लागला? आपल्या गोव्याचा, शेकडा 26.4. म्हणजे चार प्रौढ माणसांत एकाहून अधिक मधुमेही! दुर्लक्षित मधुमेह हा या चरबीचा सख्खा सोबती. तेव्हा हा रोग दूरच्या भोपाळचा नव्हे. आपल्या ओसरीवर येऊन बसलेला आहे.

आमच्या वाचकांस आणखी एक अप्रिय गोष्ट सांगावीशी वाटते. शाकाहार, उपवास आणि निर्व्यसनीपणा ही आपली भूषणे खरी; परंतु ती या रोगापासूनची कवचकुंडले नव्हेत. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी रचली आहे. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि वर गोड शिरा, हा उपवास देवाला पोचतो की नाही ते देव जाणे, रक्तात मात्र निश्चित पोचतो. बांगडा-तारल्याच्या तेलात या चरबीला उतार देणारे घटक असतात हे खरे. परंतु त्यांचा तो गुण औषधाच्या मोठ्या मात्रेत दिसतो, रव्यात घोळवून तेलात तळलेल्या तुकडीत आणि भाताच्या डोंगरात नव्हे. अर्थात, नेवऱ्यांच्या एका डब्याने कोणाचे रक्त दूध होत नाही. मुळात घराण्याचा दोष, त्यावर वर्षानुवर्षे न कळलेला मधुमेह, आणि अखेरीस सणासुदीचे गोडधोड अशा पायऱ्यांनी तो आकडा दोन हजारांवर चढतो. शेवटची पायरी तेवढी दिसते, म्हणून तिला बोल लागतो.

राहता राहिला प्रश्न त्या शेऱ्याचा. कागदावरचा एक शब्द, त्याने असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पुष्कळ बिघडते. विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यासाठी जे प्रमाणित अपवाद ठरवून दिले आहेत, त्यांत मद्यासक्ती आणि तिच्या परिणामांवरील उपचारांचा खर्च हा एक आहे. तेव्हा घाईने लिहिलेला तो एक शब्द अतिदक्षता विभागातील लाखांचे बिल घरातील स्त्रीच्या अंगावर टाकू शकतो. आणि पैशाहून मोठी गोष्ट विश्वासाची. आमच्या स्नेह्यांच्या सुनेला त्या दोन दिवसांत माहेरून विचारणा झाली की, "तुझ्यापासून लपवून तर घेत नव्हते ना?" तिने ती शंका क्षणभरही मनात येऊ दिली नाही, हा तिचा मोठेपणा. प्रत्येक घरी तो असेलच असे नाही.

म्हणून आमच्या सूचना मोजक्या आहेत. स्वादुपिंडाचा दाह घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचे ट्रायग्लिसराइड्स पहिल्याच नमुन्यात मोजण्याचा दंडक प्रत्येक सरकारी आणि खाजगी रुग्णालयाने घालून घ्यावा. तो आकडा हाती येईपर्यंत आणि रुग्णाशी व आप्तांशी शांतपणे बोलणे होईपर्यंत कारणाच्या रकान्यात 'शोध चालू' असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञास दुधाळ नमुना दिसताच डॉक्टरांस कळवणे त्याचे कर्तव्य ठरवून द्यावे. तो सौजन्याचा भाग राहू नये. आणि आपण नागरिकांनी, विशेषतः मधुमेही असलेल्यांनी, साखरेबरोबर वर्षातून एकदा या चरबीचीही तपासणी करून घ्यावी. पोटात असा शूळ उठला तर ओव्याची पूड आणि सोडा घेत सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि डॉक्टर विचारतील त्या प्रश्नाला, मद्याविषयीच्यासुद्धा, खरे उत्तर द्यावे. रुग्णाने खरे सांगितले पाहिजे आणि वैद्याने ते ऐकले पाहिजे. या दोहोंपैकी एक नसेल तर उत्तम यंत्रेही आंधळी ठरतात.

आमच्या स्नेह्यांचे चिरंजीव तीन आठवड्यांनी घरी परतले. आता ते पथ्याने राहतात, सकाळी भोपाळच्या मोठ्या तलावाच्या काठाने चालतात, आणि त्यांच्या धाकट्या भावानेही रक्त तपासून घेतले आहे. त्याचाही आकडा आठशेच्या घरात निघाला. रुग्णालय सोडते वेळी त्या वरिष्ठ डॉक्टरांनी जुना शेरा स्वतःच्या हाताने खोडला, शेजारी सही केली आणि त्या गृहस्थांच्या पत्नीला हात जोडले. वैद्यकाच्या मोठेपणाला ते शोभून दिसले. आमची अपेक्षा एवढीच की ते खोडण्याची वेळ पुढच्या रुग्णावर येऊ नये.